डॉक मी एकटा काढणार

१४ सप्टेंबर, रविवार
कॉटेजसमोरच्या मेपलची एक फांदी लाल झाली. म्हणजे ऑटम सुरू. यंदाचा संकल्प: हिवाळ्यासाठी कॉटेज बंद करायचं सगळं काम मी एकटा करणार. लाकडं फोडणं, पाइपांतलं पाणी काढणं, आणि मुख्य म्हणजे डॉक, म्हणजे काठाला जोडलेला तरंगता लाकडी धक्का, तळ्यातून बाहेर ओढणं. तळं गोठलं की बर्फ डॉकचा चुरा करतो, म्हणून दर ऑक्टोबरात त्याला काठावर घ्यावं लागतं. गेली वीस वर्षं हे काम माझ्या बायकोचा, मर्नाचा भाऊ ग्लेन करतो. मी व्हरांड्यातून देखरेख करतो.

जूनमध्ये ग्लेनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. म्हणून आज स्वतः फोन केला. म्हटलं, ग्लेन, यंदा तू यायचं नाहीस. आराम कर. इथलं मी बघतो. त्यानं दोनदा विचारलं, नक्की ना? भारावला असणार. मग म्हणाला, बरं, दाजी.

मर्नाला सांगितलं. तिनं विचारलं, मग डॉक कोण काढणार? म्हटलं, मी. ती घाईघाईनं स्वयंपाकघरात गेली. तिथून खोकल्याचे आवाज येत राहिले. हवा बदलली की तिला त्रास होतो.

२० सप्टेंबर, शनिवार
सामान आणलं. कुऱ्हाड, लोकरी टोपी आणि पाण्यात उतरायला छातीपर्यंत येणारी रबरी विजार. दुकानदारानं विचारलं, मासे पकडायला का? म्हटलं, त्याहून अवघड.

सवय व्हावी म्हणून विजार घालूनच टीव्हीवर हॉकी पाहिली. बसता येतं. उठता येत नाही. मर्नानं ओढून काढलं. पट्टे सैल करायला हवेत, बाकी काही नाही.

सगळी नोकरी विम्याच्या ऑफिसात गेली म्हणून लोकांना वाटतं, हा टेबलावरचा माणूस. पण वादळ, आग, अंगावर पडलेलं झाड, बुडालेली बोट, या जिल्ह्यातलं सगळं माझ्याच टेबलावरून गेलंय. निसर्ग मला फाइलीसकट माहीत आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार
लाकडं फोडायला सुरुवात केली. पहिल्याच घावाला कुऱ्हाड ओंडक्यात जी रुतली ती निघेना. ओंडक्यासकट उचलून आपटायचा विचार होता, पण पाठीचं मत वेगळं पडलं. कुऱ्हाड तिथंच राहू दिली. लाकूड वाळलं की आपोआप सुटेल.

दुपारी विजार चढवून तळ्यात एक पाय घातला. काढला. पाणी अजून तयार नाही. ऑक्टोबरात थंडीची एक लाट येऊन गेली की चार दिवस पुन्हा छान ऊन पडतं. पाणी तेव्हा कोमट होतं. घाईत काम करणारी माणसं इथंच चुकतात.

शेजारच्या ओडेट लाव्हीनबाई समोरच पोहत होत्या. वय पंचाहत्तर. तळं गोठेपर्यंत रोज पोहतात. पाण्यातूनच ओरडल्या, काय हो ऑर्विल, विजार आत यायला आणलीय की काठावर मिरवायला? म्हटलं, मी पाण्याचा अभ्यास करतोय. म्हणाल्या, करा, करा. तोवर मी पलीकडे जाऊन येते. आणि गेल्या, आणि आल्याही. या वयात माणसाला थंडी कळेनाशी होते. वाईट वाटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार
तळ्याभोवतीची सगळी झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी. रानबदकांचे थवे दक्षिणेकडे चाललेत. पाणी अजून तयार नाही.

ग्लेनचा फोन होता. मर्ना आतल्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलत होती. मग फोन माझ्याकडे. ग्लेन दाताचा डॉक्टर होता. रिटायर झाला तरी आपण त्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलोय अशाच सुरात बोलतो. म्हणाला, दाजी, घाबरायचं काही कारण नाही. सगळ्यात आधी काय करायचं? मी म्हटलं, बोल्ट सोडायचे. म्हणाला, नाही. आधी दोर. डॉक दोरानं झाडाला बांधायचा, मग बोल्टला हात लावायचा. मी त्याला थोडं सुनावलं. म्हटलं, अरे, वीस वर्षं पाहतोय मी हे काम. म्हणाला, हो दाजी, तेच तर.

फोन ठेवल्यावर मर्ना म्हणाली, तो वर्षभर या एका वीकेंडची वाट बघत असतो. म्हटलं, म्हणूनच त्याला विश्रांती दिली. बायकांना भावाची काळजी असते.

११ ऑक्टोबर, शनिवार
थँक्सगिव्हिंगचा वीकेंड. आमच्याकडे तो ऑक्टोबरातच येतो. आज डॉक निघणार.

सकाळी ९. आकाश भरलेलं. वारा उत्तरेचा. ऊन पडायचं राहिलंय, पण मी थांबणार नाही. विजार घातली. डॉकवर थर्मास आणि घडीची खुर्ची नेऊन ठेवली. दोर गॅरेजमध्ये आहे. गॅरेज वर टेकाडावर. विजार घालून टेकाड चढणं म्हणजे निष्कारण शक्तीचा अपव्यय. बोल्ट आधी नुसते सैल करून ठेवतो.

९.४०. बोल्ट अपेक्षेपेक्षा लवकर निघाले. साखळ्याही.

९.४५. डॉक निघाला. मी त्याच्यावर आहे.

१० च्या सुमारास. वही खिशात होती हे बरं झालं. काठापासून बराच लांब आलोय. मर्ना काठावर उभी राहून हात हलवतेय. मीही हलवला. तिनं फोन काढला. बहुधा फोटोसाठी.

कॉटेजची पाहणी या बाजूनं कधीच केली नव्हती. आपलं छत डाव्या बाजूला उखडलंय. इथून स्पष्ट दिसतं.

१०.३०. बर्फाचा भुरभुर पाऊस. बोटं लिहायला नाही म्हणतात. विजार घालून पोहता येत नाही, हे विम्याच्या एका जुन्या फाइलीत वाचलं होतं. त्या माणसाचं नाव आठवतंय. आठवायला नको होतं.

संध्याकाळ. घरी. पांघरुणं आणि गरम सूप. ओडेटबाई कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन आल्या आणि मला त्यांनी तिच्या तळाशी आडवं झोपायला सांगितलं. म्हणाल्या, अजिबात हलायचं नाही, तुम्ही हललात तर दोघं जाऊ. वाटेत त्या फ्रेंच गाणं म्हणत होत्या. मी आडवा पडून आकाश पाहत होतो. एक क्षण वाटलं, खरंच जाऊ शकलो असतो. मग काठ आला.

डॉक पलीकडच्या लव्हाळ्यात जाऊन अडकलाय. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो जागेवरून काढून झालाय.

मर्ना थोडी रडली. मग म्हणाली, ग्लेनला फोन केलाय.

१२ ऑक्टोबर, रविवार
नाश्त्याच्या आत ग्लेन हजर. तांबड्या चौकड्यांचा तोच जुना कोट, आता अंगावर ढगळ होतो. ट्रकच्या मागं बोट जोडलेली. डॉक्टरांनी काही उचलायला बंदी केलीय, म्हणून त्याची खुर्चीसुद्धा मीच गाडीतून उतरवली. तो काठावर पांघरूण घेऊन बसला आणि म्हणाला, चला दाजी, सुरू करू. थोडं दुखेल.

बोट ओडेटबाईंनी चालवली. लव्हाळ्यातून डॉक सोडवून ओढत आणला. मी पाण्यात. ग्लेन खुर्चीतून बोलत होता. डावीकडे. आणखी डावीकडे. छान. आता एक पाऊल मागं. मागं म्हणजे मागं, दाजी, खोलात नाही. हे वाक्य पुरं होईपर्यंत विजारीत वरून पाणी शिरलं होतं. पाणी अजिबात तयार नव्हतं. एक किंकाळी ऐकू आली. ती माझीच होती, हे मला नंतर कळलं. पलीकडच्या काठावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

शेवटी ग्लेननं मला बोलाबोलानं त्याच्या ट्रकवरच्या ओढयंत्राची तार डॉकला अडकवायला लावली, बटण ओडेटबाईंनी दाबलं, आणि डॉक सरसर काठावर आला. चौघांचं काम, नेतृत्व अर्थात माझं.

संध्याकाळी बाहेर शेकोटी केली. मर्ना आणि ओडेटबाई आत टर्कीचं बघत होत्या. ग्लेन बराच वेळ विस्तवात काडीनं ढोसत होता. मग म्हणाला, दाजी, तुमचा तो सप्टेंबरमधला फोन आला ना, तेव्हा मला वाटलं, झालं आपलं. आता सगळे मला शोकेसमध्ये ठेवणार. हा कोट मी पोत्यात भरला होता, द्यायला म्हणून.

मी म्हटलं, वेडा आहेस. मग म्हटलं, तू नसलास तर मला कोण सांगणार, डावीकडे का उजवीकडे? तो हसला. मीही हसलो. धूर फार झाला होता. लाकडं ओली. दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार
थँक्सगिव्हिंग. टर्की बाहेरच्या आगीवर भाजायचा माझा बेत होता. वरून काळी, आतून गुलाबी. ओडेटबाईंच्या ओव्हननं वाचवली.

जेवताना प्रत्येकानं कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं असतं. मी स्वावलंबनावर चार वाक्यं तयार ठेवली होती. ग्लेननं आधी सुरुवात केली. म्हणाला, दाजी वाहून गेले, त्याबद्दल. मर्ना हसायला लागली ती थांबेना. ओडेटबाईंनी तर काटा खाली ठेवला. ग्लेन हसता हसता छातीवर हात ठेवून बसला, मर्ना घाईनं उठायला लागली, तर म्हणाला, काही नाही, काही नाही, आत बरं वाटतंय.

माझी चार वाक्यं राहिली. भोपळ्याची गोड पेस्ट्री चांगली झाली होती.

२६ ऑक्टोबर, रविवार
पहिला मोठा बर्फ. आम्ही शहरातल्या घरी. कॉटेजसमोरचा मेपल एव्हाना बोडका झाला असणार. मी पाठीवर, गरम पाण्याच्या पिशवीवर. उठताना मर्ना लागते.

आढावा. डॉक निघाला. कॉटेज बंद झालं. पाइपांतलं पाणी ग्लेननं जाताना सहज काढलं, मला तिकडं बघायला वेळच मिळाला नव्हता. एकूण संकल्प जवळपास पूर्ण. एका माणसानं ठरवलं तर काय होऊ शकतं, याचं हे उदाहरण. यापुढं ऑक्टोबरपर्यंत पाण्याशी माझा संबंध नाही. पुस्तकं वाचीन. माणसानं ऋतूप्रमाणे राहावं.

दुपारी ग्लेनचा फोन आला. मर्नानं पिशवी बदलता बदलता बातमी दिली. डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टर म्हणाले, तब्येत एकदम सुधारलीय, काय केलंत? ग्लेन म्हणाला, खुर्चीत बसून दाजींकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, असं अधूनमधून करत जा.

मी म्हटलं, औषधाचाच प्रश्न असेल तर माझी तयारी आहे. पुढच्या ऑक्टोबरात येऊ दे त्याला.

मर्ना म्हणाली, ऑक्टोबर कशाला? मेमध्येच येतोय. मी तारीखही देऊन टाकलीय.

विचारलं, मेमध्ये काय आहे?

म्हणाली, ऑर्विल, डॉक परत पाण्यात कोण घालतो?

वीस वर्षांत हे कधी लक्षात आलं नव्हतं. मेमध्ये मी टोरांटोला माझ्या बहिणीकडे असतो.