यावल रस्त्यावरचे देवदार

१२ फेब्रुवारी
आज या घरात भूमितीचा खून झाला. आखणीसाठी आणलेली सुतळी हिने पापडाच्या डब्याला गुंडाळली. जाब विचारला, तर म्हणे, "पापड सादळले तर तुमचे देवदार तळून वाढू का?" माझ्यातल्या संस्कृतच्या शिक्षकाने संयम राखला. नवी सुतळी आणली.

योजना सोपी आहे. आमची लेक भूमिका हिमाचलात देवदारांवर संशोधन करते: चौकोनात लावले तर कसे वाढतात, त्रिकोणात लावले तर कसे. देवदार जळगावातच उभे केले, की तिला तिकडे राहायचं कारण उरत नाही. तिला अर्थातच सांगितलेलं नाही. सरप्राइज.

२० फेब्रुवारी
रोपं आली. यावल रस्त्यावरच्या आमच्या तुकड्यात चौकोनी आखणी, तीन-तीन फुटांवर. दाट लावलं की झाड उजेडासाठी निमूट सरळ वर जातं. माझ्या वर्गापेक्षा शिस्त बरी.

शेजारच्या केळीतून निंबाआबांचा सल्ला: "सर, येस्ले ए.सी. बसाडा. आठे त वैशाखमा माणूस बी भाजाई जास." शास्त्राशी परिचय नसला की असं होतं.

९ मार्च
शेंडे पिवळे. चौकोनच चुकला. त्रिकोणात प्रत्येक रोप सगळ्या शेजाऱ्यांपासून सारखं दूर राहतं. सगळी उपटून पुन्हा लावली. कंबर गेली.

२ एप्रिल
पिवळ्याचं तपकिरी. त्रिकोण बरोबर, अंतर कमी पडलं. तरी आता उपटायचं नाही. दृढ संकल्प.

३ एप्रिल
उपटली. सहा फूट.

१८ एप्रिल
मळ्यात गेलो, तर हिने रोपारोपावर जुन्या साड्यांची सावली बांधलेली. प्रयोगाची शुद्धता बिघडली, म्हणालो. म्हणाली, "ती यावी असं काय तुम्हालाच वाटतं?"


६ मे
एकही रोप हिरवं नाही. शेवटी 'एका ओळखीच्या गृहस्थांसाठी' म्हणून भूमिकेला फोनवर विचारलं. खूप हसली. आईने फोटो केव्हाच पाठवले होते. "बाबा, त्या गृहस्थांना सांगा, आखणी बरोबर आहे. जिल्हा चुकलाय."
मग आवाज खाली आणून म्हणाली, नोकरी तिकडेच पक्की झाली.
अभिनंदन केलं. नीट केलं, असं वाटतं.

७ मे
सुतळी हिच्याकडे दिली. पापडाच्या डब्याला.
रोपं गेली, त्याचं काही नाही. भूमिका आता या घरात पाहुणीसारखी येईल, परतीचं तिकीट काढून. त्याची भीती वाटते.