नियम क्रमांक चारमधील ‘रक्ताचे’ हा शब्द

प्रति,
मा. सहायक निबंधक,
संस्था नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्रमांक १४.

विषय : आमच्या कुटुंब मंडळाच्या नियम क्र. ४ मधील दुरुस्तीस मंजुरी मिळणेबाबत. ते शक्य नसल्यास माझ्यासह सत्तावीस सभासदांची नावे कमी करण्याचा लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची दि. २८ मार्च, ३० एप्रिल व २ जून रोजीची परतपत्रे, तसेच टेबल क्रमांक ६ येथील माझ्या पाच समक्ष भेटी.

महोदय,

हा अर्ज मी आपल्याच कार्यालयाच्या जिन्यालगतच्या बाकावर बसून लिहीत आहे. घरी लिहायला घेतला की मी दोन ओळींनंतर उठते, खिडकीपर्यंत जाते, पुन्हा येऊन बसते व लिहिलेले खोडते. येथे निदान उठून जावे तर थेट आपल्याच दारात जाईन. अक्षर वाकडेतिकडे आले असल्यास ते बाकामुळे आहे असे समजावे.

१. मी चौसष्ट वर्षांची असून एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागातून निवृत्त झाले आहे. गेली एकोणीस वर्षे मी आमच्या कुटुंब मंडळाची चिटणीस आहे. मंडळाची कामे दोनच : घराण्याची वंशावळ अद्ययावत ठेवणे व वर्षातून एकदा सर्वांना एकत्र जेवू घालणे. आमचे मूळपुरुष कुलपे बनवीत. त्यांना तीन मुलगे, त्यांवरून तीन शाखा : थोरली, मधली, धाकटी. आजमितीस तक्त्यावर चारशे बारा माणसे आहेत. त्यांतील प्रत्येकाचा जन्म, विवाह, पत्ता व दूरध्वनी मी स्वतः ताडून पाहिला आहे. रुग्णालयात अठ्ठावीस वर्षे जन्ममृत्यूच्या नोंदी केल्यामुळे ऐकीव माहितीवर माझा भरवसा नाही. त्यामुळे काही नातेवाईक मला मागून ‘फौजदारीण’ म्हणतात, हेही मला माहीत आहे.

२. वंशावळीच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती काढावयाची म्हणून मी जानेवारीत आमच्या आजोबांची जन्मतारीख तपासावयास त्यांच्या जुन्या शाळेत गेले. आजोबा म्हणजे मूळपुरुषांचे धाकटे चिरंजीव, धाकट्या शाखेचे पहिले पुरुष. मीही त्याच शाखेतली. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटाच्या तळातून दाखल-वही काढून दिली. वडिलांच्या रकान्यात काहीही लिहिलेले नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत होते : “आईबाप तापाच्या साथीत वारले. शेजारच्या कुलूपवाल्यांनी मुलास ठेवून घेतले.”

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी पाण्याचा पेला आणून समोर ठेवला तेव्हा मला कळले की मी उभी आहे.

३. मंडळाचा नियम क्र. ४ असा आहे : “मंडळाचे सभासद म्हणजे मूळपुरुषांच्या रक्ताचे वंशज व त्यांचे विवाहित जोडीदार.” या हिशेबाने आजोबा सभासद होऊ शकत नव्हते. माझे वडील नव्हते. मी नाही, माझा भाऊ नाही, त्याची मुले नाहीत. धाकट्या शाखेतील हयात सत्तावीस माणसांपैकी कुणीही नाही.

४. मी प्रथम आमच्या अध्यक्षांकडे गेले. ते थोरल्या शाखेतील माझे चुलतभाऊ असून दंतवैद्य आहेत. त्यांच्या खुर्चीत एक रुग्ण तोंड उघडून बसला होता, तरी मी सांगून टाकले. ते म्हणाले, “ताई, एवढ्यासाठी दवाखान्यात आलीस? जुनं पुस्तक जसं होतं तसं छापून टाकू.” मी म्हणाले की जे खोटे आहे असे कळले आहे ते मी छापणार नाही. त्यावर ते म्हणाले, “मग निदान याचा दात काढून होईपर्यंत तरी थांब.”

५. तेथून मी थोरल्या शाखेच्या आत्याबाईंकडे गेले. त्या शहाऐंशी वर्षांच्या, आमच्यात सर्वांत वडील. मी घाबरत घाबरत शाळेतील नोंदीची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती चष्मा न लावताच परत केली. म्हणाल्या, “अगं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तुझ्या वडिलांनाही ठाऊक होतं.”

मी विचारले, “मग मला कुणीच कसं सांगितलं नाही?”

“तुला सांगितलं असतं तर तू लगेच लिहून काढलं असतंस.”

महोदय, एकोणीस वर्षे चारशे बारा माणसांची माहिती जमवणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या आजोबांची माहिती तेवढी कुणी दिली नाही, आणि त्याचे कारणही खरे होते. मी चप्पल घालून निघाले ती तीन थांबे चालत गेले. बस मागून येऊन पुढे निघून गेल्या, मी हात केला नाही.

६. तरीही एवढ्यावर मी कदाचित गप्प बसले असते. गप्प बसता आले नाही त्याचे कारण निराळे आहे व ते या अर्जात नमूद करणे मला क्रमप्राप्त वाटते.

आठ वर्षांपूर्वी मधल्या शाखेतील माझ्या एका चुलतभावाने (व्यवसायाने बसचालक) एका विधवा बाईंशी विवाह केला. त्यांना पहिल्या लग्नाची एक मुलगी होती, तेव्हा अकरा वर्षांची. त्या वर्षीच्या संमेलनात भिंतीवर लावलेल्या तक्त्यात भावाने स्वतःच्या नावाखाली पेन्सिलीने त्या मुलीचे नाव लिहिले. ते मी पाहिले. मी त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली व दुसऱ्याच दिवशी नियम क्र. ४ उद्धृत करून त्याला मंडळाच्या शिक्क्यानिशी पत्र पाठवले. त्यानंतर तो एकाही संमेलनास आला नाही. मी दरवर्षी त्याच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असे लिहीत राहिले.

शाळेतील ती नोंद वाचल्यावर आजोबांच्या पाठोपाठ मला ती पट्टी आठवली. फेब्रुवारीत मी त्याच्या आगारात गेले. तो पाळी सुरू होण्यापूर्वी विश्रांतीच्या खोलीत डबा धूत होता. मी सर्व सांगितले. तो बराच वेळ डबाच धूत राहिला. मग म्हणाला, “ताई, पत्र तू माझ्या नावाने पाठवलंस, पण दारात ते तिने घेतलं. तिनेच मला मोठ्याने वाचून दाखवलं. मग विचारलं, ‘रक्ताचे म्हणजे काय?’”

मी विचारले, “तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? म्हटलं, छापखान्याची चूक आहे.”

एवढे बोलून त्याने डबा पुसला व गाडी काढायला गेला. मी त्या खोलीतच बसून राहिले. दुसऱ्या एका चालकाने येऊन विचारले की बाई, तुम्हाला कुठल्या गाडीने जायचे आहे.

७. दि. २ मार्च रोजी मी विशेष सभा बोलावली. शाळेतील नोंद व मी पाठवलेले ते पत्र, दोन्ही उभे राहून वाचले. अध्यक्ष म्हणाले की नियमात काय बदल हवा तो नेमक्या शब्दांत सांगावा. मी सात पर्याय लिहून नेले होते, पैकी सर्वांत आटोपशीर चार ओळींचा होता. तेव्हा आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “घरातली माणसं, असं म्हण की सरळ. त्या पोराला घरात घेतलं तेव्हा कुणी रक्त तपासलं होतं?”

अध्यक्षांनी हरकत घेतली, “घरातली म्हणजे कोण, हे ठरवणार कोण?”

आत्याबाई म्हणाल्या, “जेवायला थांबवतो तो.”

ठराव झाला : ‘मूळपुरुषांच्या रक्ताचे वंशज’ याऐवजी ‘मूळपुरुषांच्या घरातली माणसे’. बाजूने अठ्ठावन्न, विरुद्ध कुणी नाही. अध्यक्षांनीही हात वर केला, थोडा उशिरा.

८. येथून पुढचा भाग आपल्या कार्यालयाशी संबंधित आहे.

मी दुरुस्तीचा प्रस्ताव सादर केला. तो ‘बदलाचे कारण नमूद नाही’ म्हणून परत आला. मी कारण नमूद केले. तो ‘नमूद कारण ग्राह्य धरल्यास चिटणीस म्हणून सही करणारी व्यक्ती मंडळाची सभासद ठरत नाही, सबब प्रस्ताव विचारात घेता येत नाही’ म्हणून परत आला. मी अध्यक्षांची सही घेतली. तो ‘नियम क्र. ११ अन्वये अशा प्रस्तावावर चिटणिसांचीच सही आवश्यक’ म्हणून परत आला. नवा चिटणीस निवडावा तर त्या सभेची सूचना जुन्या चिटणिसाच्या सहीने निघावी लागते, व तो जुना चिटणीस आपल्या मते मी आहे आणि नाहीही.

टेबल क्रमांक ६ वरील लिपिक अत्यंत सौजन्याने वागतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते म्हणाले, “बाई, तुम्ही पहिल्यांदा कारण लिहिलंच नसतं तर बरं झालं असतं.” मी म्हणाले की कारण नव्हते म्हणूनच तर प्रस्ताव पहिल्यांदा परत आला. ते म्हणाले, “तेही खरंच.” पाचव्या भेटीत त्यांनी फाईल मिटली व खरोखरच उत्तर हवे असल्यासारखे विचारले, “तुम्ही सभासद नसाल तर मग हा अर्ज करतंय कोण?”

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दळण आणायला निघते ती टपालपेटीपाशी जाऊन उभी राहते. चुलीवर दूध ठेवते व ते उतू गेल्यावर आठवते. भाऊ म्हणतो, “सोड ना आता, कुणाला काय फरक पडतो?” वंशावळीचे पुस्तक छापखान्यात अडून आहे. मुद्रक दर सोमवारी फोन करून विचारतात की आजोबांच्या, म्हणजे एक्केचाळिसाव्या, पानावर काय टाकायचे. मी दर सोमवारी त्यांना पुढचा सोमवार देते.

९. गेल्या रविवारी, दि. ८ जून रोजी, वार्षिक संमेलन झाले. निमंत्रणपत्रावर मी सही केली नाही, कारण ती करण्याचा मला अधिकार आहे की नाही ते आपण कळवलेले नाही. तरीही एकशे त्रेसष्ट माणसे आली. दारातील टेबलावर नोंदवही घेऊन मी बसले होते. वहीत रकाने आहेत : नाव, शाखा, नाते, सही.

साडेअकराच्या सुमारास बसचालक भाऊ आला. मागे त्याची पत्नी. त्यांच्या मागे ती मुलगी, आता एकोणीस वर्षांची, हातात शिरस्त्राण, बहुधा स्वतःच्या दुचाकीवर आली असावी. भावाने सही केली, वहिनींनी केली. मुलगी टेबलाशी थांबली. मला तिच्याकडे पाहवेना. ती हलक्या आवाजात म्हणाली, “माझं नाव नाही लिहिलं तरी चालेल. मी नुसती जेवायला आले आहे.”

महोदय, हे ती रागाने बोलली असती तर मला सोपे गेले असते. मला अडचणीत टाकू नये म्हणून ती तसे म्हणाली. अकराव्या वर्षी ज्या बाईने आपले नाव पट्टीखाली झाकले त्या बाईची तिला काळजी वाटली.

मी लेखणी उचलली. नावाच्या रकान्यात तिचे नाव लिहिले. शाखेच्या रकान्यात ‘मधली’ असे लिहिले. नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ असे लिहिले व सहीसाठी वही तिच्याकडे फिरवली. तिने सही करायला बराच वेळ घेतला. मागे रांग लागली.

मग मी तिला म्हणाले, “तेव्हा चूक छापखान्याची नव्हती. माझी होती.”

ती म्हणाली, “माहीत आहे, आत्या.” आणि आत गेली.

१०. ही नोंद मी आपल्या मंजुरीविना केली आहे. ती नियम क्र. ४ चे उल्लंघन आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. चिटणीस म्हणून इतक्या वर्षांत मी केलेली ही पहिली बेकायदा नोंद.

११. सबब आपणांस विनंती की, दि. २ मार्चचा ठराव मंजूर करावा. तो मंजूर करता येत नसेल तर नियम क्र. ४ प्रमाणे आजोबांपासून माझ्यापर्यंत व माझ्या भावाच्या नातवापर्यंत (वय सात महिने) सत्तावीस हयात माणसांची व आमच्या सर्व मृतांची नावे तक्त्यातून काढण्याचा आदेश आपल्या सहीने द्यावा. त्या आदेशात त्या मुलीचेही नाव घालावे लागेल. पट्ट्या मी कापून देईन, त्या आपल्या कार्यालयाने चिकटवाव्यात. ते काम मी एकदा केले आहे. पुन्हा माझ्या हातून होणार नाही.

‘विचाराधीन’ असे उत्तर कृपया पाठवू नये. मी बाकावरच आहे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

(सही)
चिटणीस, कुटुंब मंडळ
(सभासदत्व : आपल्या कार्यालयाने ठरवावे)

दि. ११ जून

सोबत :
१) शाळेच्या दाखल-वहीतील नोंदीची साक्षांकित नक्कल.
२) दि. २ मार्चच्या सभेचा ठराव, अठ्ठावन्न सह्यांसह.
३) आठ वर्षांपूर्वी मी बसचालक भावास पाठवलेले पत्र. हे त्याने जपून ठेवले होते व मागितल्यावर दिले.
४) आपली तीन परतपत्रे.
५) संमेलनाच्या नोंदवहीतील दि. ८ जूनच्या पानाची छायाप्रत. मूळ पान मागितले तरी मिळणार नाही.