नवरात्रातले पाय

बाबा,

काकांचा गुडघा माझ्यामुळे गेला. दुसरं कुणी हे म्हणत नाही, काका तर नाहीच नाही. पण तुमच्यासमोर मला लपवालपवी कधी जमली नव्हती, आता तरी कशी जमणार? मधली इतकी वर्षं तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही. घर नवीन बांधलं, नोकरीत बढती मिळाली, पोरीचं लग्न झालं. तेव्हा फोटोला हार घातला, हात जोडले, संपलं. आणि आता, पन्नाशीला टेकल्यावर, शाळेतल्या पोरासारखा कागद घेऊन बसलोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय उद्योग करून इलंस रे मेल्या?" उद्योगच करून आलोय.

तुम्हाला ते पांढरे कॅनव्हासचे बूट आठवतात का? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले. तुम्ही काजूचे पैसे घ्यायला गेला होतात आणि येताना आईच्या लुगड्याऐवजी माझे बूट आले. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. तालुक्याच्या शर्यतीत पळायचं म्हणून मी ते घालून रोज खाडीच्या बांधावरून पळायचो, पायाखाली चिखल, एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला पाणी. घट बसले त्या दिवशीसुद्धा पळून आलो. तुम्ही अंगणात तरंगाचं, म्हणजे दसऱ्याला देव म्हणून मिरवायच्या काठीचं, पितळ चिंच लावून घासत होता. मला हाक मारलीत, बूट काढायला लावलेत, त्यांची नाडी एकमेकांत बांधलीत आणि पडवीच्या वाशाला टांगलेत. "नवरात्रात ह्या घराचे पाय आपले नसतत, देवाचे आसतत." मी म्हटलं, तरंग तुम्ही घेता, मी कुठं घेतो? तर म्हणालात, "आज मी आसंय, उद्या तू आसतलंस. सवय आतापासून व्होयी." मी रडलो, जेवलो नाही, तुम्ही ढुंकून पाहिलं नाहीत. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच शिडी लावून ते बूट खाली काढलेत, आतली कोळ्याची जाळी फुंकून टाकलीत आणि माझ्या हातात दिलेत. "आता पळ मेल्या. बूट फाटासर पळ."

तेच तर मला खातंय. तुम्ही पळू नको म्हणाला नव्हतात. नऊ दिवस थांब म्हणाला होतात, बस्स.

तुम्ही गेल्यावर तरंग काकांनी घेतला. मी तेव्हा पुण्याला नोकरी करत होतो, दसऱ्याला पाहुण्यासारखा यायचो, आपट्याची पानं वाटायचो आणि परत जायचो. सावंतवाडीला बदली झाली, गावात राहायला आलो, तरी काकाच घेत होते. मग एका वर्षी देवळाच्या पायऱ्या उतरताना त्यांचा उजवा गुडघा थरथरताना मी पाहिला. घरी आल्यावर म्हणाले, "आता तू घे झिला. माजां ढोपर एक दिवस देवाक लाज आणतला." तेव्हापासून मी घेतोय. तुम्ही पोफळीच्या वाशाला ओलं लुगडं गुंडाळून मला अंगणात चालवायचात ना, नजर वर काठीच्या टोकाकडे, पायाकडे बघायचं नाही, ते सगळं उपयोगी पडलं. चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचो की तरंग आमच्या घराचा.

आणि त्याच सुमारास परत पळायला लागलो. डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून चालायला सांगितलं होतं. मी चालता चालता पळायला लागलो, आणि मग माणसाला नशा चढते तशी चढली. हल्ली आमच्यासारखी अर्धी टक्कल पडलेली माणसं रंगीत बनियन घालून किनाऱ्यावर पळतात, बाबा, आणि शेवटी गळ्यात पदक घालून फोटो काढतात. तुम्ही पोट धरून हसला असतात. मला मात्र आवडायचं ते. गेल्या पावसाळ्यात डाव्या पंजात, बोटांच्या मागे, दुखायला लागलं. आधी पळताना, मग उतरताना, मग सकाळी उठल्या उठल्या. फिजिओथेरपिस्ट पोरगी, माझ्या मुलीच्या वयाची, म्हणाली, थांबा आता, हाडावर ताण आलाय. मी होय होय म्हटलं आणि हाफ मॅरेथॉनला नाव दिलं ते दिलंच. शर्यत आली नवरात्रातल्या रविवारी. तारीख पाहिली तेव्हा मला ते कळलं होतं. मला ते बूटही आठवले होते. पण मी मनाशी हिशेब मांडला, की शर्यत सकाळची, दसरा पुढच्या आठवड्यातला, मधे पायाला मिठाच्या पाण्यात शेकू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परतीच्या वाटेवर, सुरूच्या बनाशेजारच्या उतारावर, पायात काहीतरी कट्कन झालं. आवाज आला की मला तसा वाटला, ते आजही सांगता येत नाही. एक पाणी देणारा पोरगा धावत आला, म्हणाला, काका, मागून गाडी येतेय, बसा. मी त्याला हात हलवून पुढे गेलो. लंगडत, दात ओठ खात, सगळ्यांच्या मागे, पण पोचलो. पदक घेतलं. नंतर एक्सरे बघताना डॉक्टर म्हणाले, गाडीत बसला असतात तर एवढं झालं नसतं, केसाएवढी चीर होती ती तुम्ही चालवून चालवून मोठी केलीत. पायात गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकचा बूट आला. पाय टेकायचा नाही. आणि गावाच्या ग्रुपवर माझा पदकासकट फोटो फिरत होता, खाली सगळ्यांचे अंगठे. आपल्या गावाचा अभिमान!

घरी आलो तर काका पडवीत काजूच्या बिया निवडत बसलेले. काकी गेल्यापासून ते आमच्यातच जेवतात. माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "मोडलो?"

"चीर गेली हा काका."

त्यांनी हातातल्या बिया सुपात टाकल्या. मग आत हाक मारली, "सुनबाय, माजां सोवळां खंय ठेवलंस बघ गो. वायच ऊन दाखव तेका." एवढंच. एक शब्द बोलले असते, मेल्या, गाढवा, काहीही, तर मी सुटलो असतो. माझ्या वाट्याचं बायको बोलली. भांडी आपटत म्हणाली, "तुमच्या त्या पळण्यार शिरा पडो! म्हातारो माणूस तो, तेच्या ढोपराचो इचार तरी केल्यात?" मी म्हटलं, देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकरांना सांगू, यंदा दुसऱ्या घरातल्या कुणीतरी घ्यावा. काकांनी आतून ऐकलं. "खांदो एकदा बदललो काय तो परत येणा नाय. माज्या भावाचो तरंग हा तो." तुमचं नाव निघालं, आणि मी तो विषय सोडला.

दसऱ्याला मी देवळासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलोय. दुसऱ्या खुर्चीवर पाय. येणारा जाणारा विचारतोय, कसा आहे पाय, किती दिवस लागतील, आणि मी पाहुण्यासारखा उत्तरं देतोय. ढोल वाजायला लागतो. काका तरंग घेऊन बाहेर येतात, कमरेच्या पट्ट्यात काठी, वर लाल हिरवी लुगडी, नजर वर. वयाच्या मानाने ताठ. सभामंडप ओलांडतात, आणि चिऱ्याच्या पायऱ्यांपाशी येतात. पहिली उतरतात. दुसरीवर उजवा गुडघा थरथरतो. मला इथून दिसतो. मी उठायला जातो, तेवढ्यात तो गुडघा मोडतो आणि काका पायरीवर खाली जातात, खाडकन, चिऱ्यावर. काठी वाकत नाही. दोन्ही हातांनी त्यांनी ती सरळ धरलीय, मानेच्या शिरा फुगल्यात. ढोलवाल्यांनी हात वाढवला. बायका पदर पसरून पुढे आल्या. कुणीतरी ओरडलं, अवसर इलो, देव इलो! सगळ्यांनी हात जोडले. माझ्या शेजारच्या म्हातारीने माझ्याही दंडाला धरून हलवलं, हात जोड रे, देव खाली बसलो हा लेकरांसाठी.

मी हात जोडले, बाबा. देव नव्हता तो. काकांचं ढोपर होतं. ते मला ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक होतं. दोघा मानकऱ्यांनी त्यांना काखेत धरून उठवलं, आणि ते आपट्यापर्यंत गेले, आणि परत आले. पट्टा सोडल्यावर माझ्याकडे बघून हसले. "पडलो नाय हा," म्हणाले. तरंगाबद्दल बोलत होते ते.

दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा सुजला होता. मी बळेच त्यांना सावंतवाडीला नेलं, पायाला बूट लावलेला मी आणि काठी टेकणारे ते, रिक्षावाला म्हणाला, जोडी बरी जमलीय. डॉक्टर म्हणाले, गादी आधीच झिजली होती, आता आतलं फाटलंय, ऑपरेशन करावं लागेल. काका म्हणाले, "रवांदे. जुनां झालां." कितीदा मनधरणी केली, मुलीने फोन केला, ऐकत नाहीत. तेव्हापासून काठी आहे. देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत, खालूनच हात जोडतात.

एकदाच चढले. कार्तिकात, दोघा पोरांच्या खांद्यावर हात टाकून. मला बरोबर घेतलं होतं, मला वाटलं गुडघ्यासाठी गाऱ्हाणं घालायचंय. गावकरांनी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा!" आणि मागून आम्ही, "होय म्हाराजा!" "ह्या तुज्या लेकराचो पाय दुखावलो हा, काय चुकला माकला आसात तां पोटात घाल रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "तेचो पाय पयल्यासारखो कर, तो पळांदे, चालांदे, तुजी सेवा करांदे रे म्हाराजा!" या वेळी माझा होय म्हाराजा निघाला नाही. काकांचा मात्र सगळ्यांच्या वर होता, खणखणीत. पायऱ्या उतरताना मी विचारलं, काका, तुमच्या गुडघ्याचं का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "माज्या ढोपराचां कित्याक? तां देवाक ठावक आसा. तुजां सांगाक व्हया होतां."

मग मी बरा व्हायला लागलो. आधी बूट सुटला. मग जमिनीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा, मग तुळशीपाशी एका पायावर उभं राहायचं, मग पायरीच्या कडेवर टाचा वर खाली. फिजिओची पोरगी भारी कडक, एक दिवस चुकला तर तोंड बघून ओळखते. काका पडवीतून गंमत बघत असायचे. "बगळो उबो रवलो हा बघ. मासो गावलो काय रे?" मी हसायचो. आणि एकेक व्यायाम जमायला लागला, पायात ताकद यायला लागली, तसतसं मला त्यांच्याकडे बघणं कठीण होत गेलं. ते रोज दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय खाली ठेवतात. मी रोज त्यांच्यासमोर बरा होत होतो, त्यांच्या नाकावर टिच्चून म्हणा ना. एकदा मी व्यायाम परसात, विहिरीपाशी करायला गेलो. तर काठी टेकत तिकडे आले. "हंय कित्याक इलंस? माका दिसणा नाय." परत तुळशीपाशी आलो.

पदक मी कपाटात कपड्यांखाली ठेवलं होतं. काकांनी शोधून काढून तुमच्या फोटोच्या खिळ्याला अडकवलंय. तुम्ही रोज ते गळ्यात घालून माझ्याकडे बघता. मी काढत नाही, कारण मग त्यांना कारण सांगावं लागेल.

घट बसायला अजून अवकाश आहे. यंदा तरंग मीच घेणार. यंदा कुठल्याही शर्यतीला नाव दिलेलं नाही, आणि घट बसतील त्या सकाळी बूट मी स्वतः वाशाला टांगणार आहे. आता लोखंडी पाइप आहे तिथे, वासा कसला, पण टांगणार. तोपर्यंत फिजिओने पळायला परवानगी दिलीय, थोडं पळा, थोडं चाला. आज तिने न थांबता पळून बघा म्हणून सांगितलं होतं. सकाळी बांधावरून निघालो, खाडीला भरती होती, भात पोटरीला आलंय. पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. घामाने निथळत अंगणात शिरलो तर काका नेहमीच्या जागी, चहाच्या आशेने बसलेले.

"धावलंस?"

"होय."

"मदी थांबलंस?"

"नाय."

"दुखलां?"

"नाय, काका."

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली, देवळाच्या दिशेने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "होय म्हाराजा!" आतून बायकोनेही होय म्हाराजा म्हटलं आणि हसली. मग त्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरून पाय पायरीवरून खाली घेतला. मी धरायला पुढे झालो तर माझा हात बाजूला केला, माझ्याच पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, चल, च्या घेवया.

हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवणार होतो. पण फोटो रोज काकाच पुसतात. तेव्हा चुलीत घालतो.

खोटं नाही बोललो त्यांच्याशी, खरंच दुखलं नाही. पुलापर्यंत आणि परत, मी सारखा त्या पायाकडे लक्ष लावून होतो, आता दुखेल, आता दुखेल. थोडं तरी दुखायला हवं होतं, बाबा.