मंजुळाबाईंची शीर

२ मार्च १९९२, सोमवार. धुळे

आले बाई एकदाची नोकरीला! नरडाण्याहून सकाळच्या एसटीत आबा सोबत आले होते. ट्रंक त्यांनीच डोक्यावर घेतली आणि देवपुरात पुष्पाअक्कांच्या खोलीपर्यंत मला हात लावू दिला नाही. अक्का आबांच्या दूरच्या नात्यातल्या. त्यांनी कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. आबा जेवले, पाय ओढत निघाले, पण कोपऱ्यावर जाऊन दोनदा मागे वळून पाहिलं.

दुपारी दवाखाना पाहून आले. जीवराम डॉक्टरांचा दवाखाना दुमजली आहे, नवाकोरा, ऑइलपेंटचा वास अजून जात नाही. तळमजल्यावर आमची लॅब. एक मायक्रोस्कोप, सेंट्रीफ्यूज, पेशंटला बसायला बाक, आणि खिडकीबाहेर कडुलिंब. डॉक्टर म्हणाले, प्रमिला, तुझे जळगावच्या कोर्सचे मार्क चांगले आहेत, आता हात चांगला कर. लॅब सांभाळतात ते लीलाधरभाऊ. जाड मिश्या, कडक इस्त्री, बोलणं कमी. मला चहा पाजला. खूप बरं वाटलं.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांची रांग लागते. खेड्यांवरची माणसं पहिल्या गाडीने येतात, बायका पदरात डबा बांधून आणतात आणि रक्त दिल्या दिल्या कडुलिंबाखाली बसून खातात. काचेच्या सिरिंजा उकळणं, नळ्यांवर नावं घालणं हे माझं काम. लीलाधरभाऊंचा हात खरंच हलका आहे. सुई गेली कधी हे कळत नाही.

पण शीर सापडली नाही की त्यांचा चेहरा बदलतो. पेशंटने मुद्दाम लपवली असावी तसे बघतात. आत गेलेली सुई बाहेर न काढता तशीच इकडेतिकडे फिरवतात. मी भीत भीत म्हटलं की आमच्या बाई शिकवायच्या, दोनदा नाही मिळाली तर थांबावं, गरम फडकं ठेवावं, हात खाली सोडायला लावावा, नाहीतर दुसऱ्याला बोलवावं. आणि पेशंटला विचारावं, त्याला आपली शीर ठाऊक असते. भाऊ हसले. म्हणाले, पेशंटला विचारून रक्त काढायला बसलो तर इथेच दिवाळी होईल. आजवर या बाकावरून कुणी रक्त न देता उठलेलं नाही, असंही म्हणाले. त्यांना त्याचा फार अभिमान आहे.

११ मार्च, बुधवार

आज मन ठिकाणावर नाही. लिहून टाकते.

सोनगीरकडच्या खेड्यातली एक बाई आली होती, मंजुळाबाई. वाळलेली, हिरवं लुगडं, हातभर काचेच्या बांगड्या. सोबत नवरा, लोटनभाऊ. त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. बाई वर्षभर आजारी होती, सलाइनं लावून लावून कोपराच्या शिरा पार बसल्या होत्या. तिने स्वतःच डावा हात पुढे केला आणि अंगठ्यामागे बोट ठेवलं. म्हणाली, ‘भाऊ, आठे टोच. तठे नही भेटस.’

मी पाहिलं. तिथे खरंच शीर होती, बारीक पण सरळ. लहान सुईने सहज आली असती.

लीलाधरभाऊंनी उजवा हात ओढला, दंडाला रबर आवळलं आणि कोपरात सुई घातली. काही नाही. परत घातली. बाई म्हणाली, थांबा. ते थांबले नाहीत. ती हात मागे घ्यायला लागली तसे ते माझ्यावर ओरडले, बघत काय उभी, धर तिला!

मी धरला. दोन्ही हातांनी, मनगट आणि दंड. बांगड्या माझ्या तळव्याखाली फुटल्या.

‘मी नको म्हनस ना,’ ती मला म्हणाली. त्यांना नाही, मला. माझ्या तोंडाकडे बघत. मी खाली बघितलं आणि आणखी घट्ट धरला. सुई आत फिरत होती. मग एकदम लालभडक रक्त उसळून सिरिंजमध्ये आलं. ती शीर नव्हती, खालची धमनी होती. लीलाधरभाऊंना कळलं, मलाही कळलं. त्यांनी कापूस लावून कोपर दुमडलं आणि म्हणाले, मिळालं की नाही?

ती उठली तेव्हा कोपर सुजायला लागलं होतं.

१६ मार्च, सोमवार

मंजुळाबाई गेल्या. हात दुसऱ्याच दिवशी दंडापर्यंत निळा झाला, मग काळा. सरकारी दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता.

लोटनभाऊ सकाळी आले. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. डॉक्टरांनी आत बसवलं. त्याआधी मला बाजूला घेऊन सांगितलं की बाईने स्वतःच हात झटकला, तू तिथे होतीस, तू सांगितलंस तर तो ऐकेल. लोटनभाऊंनी मला एवढंच विचारलं, ‘माय, तिना हात कोनी धरेल व्हता?’

मी म्हटलं, कुणीच नाही. बाईंनीच झटकला.

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग उठले आणि कडुलिंबाखाली जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिथेच होते.

१९ मार्च, गुरुवार

लीलाधरभाऊंना रक्त मिळत नाही. कालपासून. आज तालमीतला एक पोरगा आला होता, शिरा दोरखंडासारख्या. भाऊंनी सुई घातली, दट्ट्या ओढला, सिरिंज कोरडी. माझ्या देखत शीर सुईखालून सरकली, गांडुळासारखी. पोरगाही घाबरला. मी काढलं तर लगेच आलं.

भाऊंनी मग पेशंट बोलवायला दारातून डोकं बाहेर काढलं आणि तसेच मागे आले. बाकावर कोण बसलंय ते बघ म्हणाले. मी पाहिलं. बाकावर कुणी नव्हतं. पण रांगेतली माणसं भिंतीला चिकटून उभी होती. एवढा लांब बाक रिकामा, आणि कुणी बसायला तयार नव्हतं. एका म्हातारीला मी बसायला सांगितलं तर ती म्हणाली, ती हिरव्या लुगड्याची सरकली तर बसेन.

२३ मार्च

लोटनभाऊ रोज येतात. झाडाखाली बसतात. आज मी पाणी नेऊन दिलं आणि म्हटलं, भाऊ, हे जे चाललंय ते थांबवा. त्यांनी पाणी घेतलं नाही. ‘मी काय करस? मी ते बठ्ठा दिन आठेच बसेल शे. तीच करी राहिनी.’ म्हणजे ते दिवसभर नुसते बसलेले, करते आहे ती मंजुळाबाई.

लीलाधरभाऊ आज पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले. एवढ्या उन्हात. हात धुताना बाही वर गेली. उजव्या कोपरात टोचल्याच्या खुणा होत्या, ताज्या, एकावर एक.

२६ मार्च

लीलाधरभाऊंना ताप. वरच्या मजल्यावर ठेवलंय. रक्त तपासायला हवं. मी गेले. शीर नाही. डॉक्टरांनी स्वतः पाहिलं, दोन्ही कोपरं, मनगटं, घोटे. नुसती कातडी. भाऊ थांबा थांबा म्हणून ओरडत होते, लहान मुलासारखे रडत होते. डॉक्टर चिडले. मला म्हणाले, धर त्याला.

मी नाही म्हटलं. हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

गरज नव्हती. भाऊंचा हात आधीच धरलेला होता. मनगटावर आणि दंडावर मांस खाली दबलं होतं, बोटांच्या आकारात. बोटं दिसत नव्हती. दाब दिसत होता. डॉक्टरांनी पाहिलं आणि सुई टाकून खाली निघून गेले.

मी थांबले. सगळं बघितलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, आणखी धर.

२८ मार्च

लीलाधरभाऊ गेले. हात खांद्यापर्यंत काळा होता. जळगावला नेत होते, पारोळा यायच्या आतच —

मला वाटलं, संपलं. तिचं तिला मिळालं. दुपारी अक्कांकडे पोटभर जेवले सुद्धा.

३० मार्च

संपलेलं नाही.

सकाळी उजवं मनगट दुखत होतं. अक्का म्हणाल्या, कुणाशी झटापट केलीस का गं. बोटांचे वळ आहेत. दंडावरही. तळव्यात काचेचा कण निघाला, हिरवा. माझ्या हातात बांगडी नाही.

डॉक्टरांना सांगितलं की मी लोटनभाऊंना खरं सांगणार आहे. ते म्हणाले, सांग, पण मग धुळ्यात कुठल्या लॅबमध्ये उभी राहशील बघतो. बोलताना ते स्वतःचं कोपर चोळत होते. पूर्ण बाह्या — आज त्यांनीही.

३१ मार्च

उजव्या हाताची बोटं हलत नाहीत. डाव्याने लिहिते आहे. अक्षर वाईट आहे. वळ आता निळे —

लोटनभाऊ आज झाडाखाली नव्हते.

१ एप्रिल

सोनगीरची गाडी धरली. पुढे पायी. ऊन. गावात घर लगेच दाखवलं सगळ्यांनी, पण सोबत कुणी आलं नाही.

लोटनभाऊ ओट्यावर बसले होते. मी पाया पडले. सांगितलं, मीच धरला होता. तिने नको म्हटलं होतं, मी ऐकलं होतं, तरी धरला. आणि तुमच्याशी खोटं बोलले. पोलिसांपुढे, कोर्टात, म्हणाल तिथे सांगते. रडले खूप.

त्यांनी ऐकून घेतलं. डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, ‘मले काय सांगस, माय? तिले सांग. घरमा बसेल शे.’

ते आत गेलेत विचारायला. मी ओट्यावर आहे. लिहून ठेवते, कुणाला तरी कळावं म्हणून —

आत बांगड्या वाजल्या.

पळायचं आहे. पाय उठत नाहीत. उजवा हात आपणहून पुढे — दाराकडे — कोपर सरळ झालं —

लोटनभाऊ बाहेर आले. माझ्याकडे बघत नाहीत. मागे उभे आहेत. आतून ती त्यांना सांगते आहे, अगदी हळू, ‘तिना हात धर’ —

मी नको म्हटलं. मोठ्याने म्हटलं. परत म्हट