देवाच्या पत्र्यांचा वारा

मुलुंड (पूर्व)
४ मे

चि. देवदत्त यास अनेक आशीर्वाद.

मध्ये एक भिंत, तरी पत्र टाकतेय. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, मग दुसरं काय करू? इकडे सगळं ठीक. ऊन मरणाचं आहे, म्हणजे तुझी चंगळच. तुझ्या गच्चीवरचे सोलर पॅनल दिवसभर तळपत असतात.

गल्लीतली ती नवी योजना चांगली आहे रे. आपली उरलेली वीज ॲपवरून शेजाऱ्याला विकायची, आणि कोणाला विकायची ते आपणच ठरवायचं. मीही तुला विनंती पाठवली होती. तू ती नाकारलीस आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीला वीज दिलीस. बाबांनी अर्धं घर माझ्या नावावर केलं, त्याचा राग अजून गेला नाही तर! परक्यांच्या कपड्यांना कडक इस्त्री, आणि सख्ख्या बहिणीपुढे नन्नाचा पाढा.

स्वस्त पडेल म्हणून मागितली नव्हती. आईला खरं सांगता यावं म्हणून मागितली होती. ती समजते, तूच आम्हाला वीज देतोस. तुझ्या पॅनलना ती पत्रेच म्हणते. पंखा लागला की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "हा आमच्या देवाच्या पत्र्यांचा वारा." मी दात-ओठ खात मान डोलावते.

परवा गंधालीला म्हटलं, आजीशी किती दिवस खोटं बोलायचं? ती वीज कंपनीत इंजिनिअर ना, हसायलाच लागली. "आई, विकणं-घेणं सगळं हिशोबात. तारेला तुमचं भांडण कुठे कळतंय? मामाची वीज आधी जवळच्या घरात शिरते. म्हणजे आपल्याच."

म्हणजे लाँड्रीच्या नावावर नुसता हिशोब, वीज आमच्याकडे. तू नाही म्हणालास तरी! आधी सूड उगवल्यासारखा आनंद झाला, मग रडू आलं. अंथरुणाला खिळून आईच्या पाठीला जखमा झाल्यात. तिच्या हवेच्या गादीचा पंप दिवसभर तुझ्या विजेवर चालतो, आणि तू आमच्या दारावरून मान खाली घालून जातोस.

डॉक्टर काल म्हणाले, कोणाला भेटवायचं असेल तर उशीर करू नका. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. तुझ्यापुढे हात पसरायचे नव्हते, म्हणून इतकं लांबवलं.

माझ्याशी बोलू नकोस. घराचा राग तसाच ठेव. पण ये. दुपारी ये, ऊन असताना. तेव्हा आमची बेलसुद्धा तुझ्याच विजेवर वाजते.

भिंतीअलीकडची,
कुंदाताई