वेलीचा शेवटचा छाप

३ फेब्रुवारी
मेंदीचं दुकान दहाला उघडलं. चौघीजणी आल्या. तिघींना पानाफुलांचा छाप, एकीला नुसती बोटं. संध्याकाळी ड्रॉवर आवरला — हिच्या वेलीच्या छापाचा एकच कागद उरलाय. डाव्या हाताचा.

ही जाऊन आठ महिने झाले. ती शाईनं कागदावर काढायची. मी तो ओल्या तळव्यावर दाबायचो आणि उतरलेल्या निळ्या रेघेवरून मेंदीचा कोन फिरवायचो. एक कागद एकदाच चालतो. आठ महिने तिच्या हातच्या रेघा येईल तिला लावत सुटलो. लक्षातच आलं नाही!

५ फेब्रुवारी
मुलीचा फोन. "बाबा, लग्नात मला आईचीच वेल हवी. दोन्ही हातांवर. तिनं माझ्यासाठी कधी काढली नाही. घरच्यांचं नंतर, म्हणायची."

मलाही तेच म्हणायची. गमतीत हात पुढे केला होता मी, एकदा.

हो म्हणालो. एकच कागद आहे, हे सांगवलं नाही.

६ फेब्रुवारी
कागद गिरवून पाहिला. रेघ मेलेली. "गिरवलेलं लांबून कळतं," हिचं नेहमीचं. "सोडा की जरा हात मोकळा! गहाण ठेवलाय का?"

म्हणजे दुसरा हात छापाशिवाय काढायचा. मी! ज्याला सरळ ठिपका जमत नाही.

९ फेब्रुवारी
काचेवर सराव. कोन फुटला. शर्ट गेला. शेजारचा शिंपी डोकावला. "काका, गोगलगाय फिरली का काचेवरून?" हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१४ फेब्रुवारी
मुलगी आली. कागदाचं खरं काय ते सांगितलं. तिनं हात पुढे केला. "काढा."

कागद समोर ठेवून अर्धा तास काढली. तिनं पाहिलं. "बाबा, ही करंगळीकडे गेली. आईची अंगठ्याकडे वळायची."

छाप कागदावर उलटा असतो, हातावर सुलट होतो. मला हे माहीत नाही? तीस वर्षं! पण मी कागदच बघत आलो. कोन फिरवला की पुढची बाई. हात कधी नीट पाहिलेच नाहीत.

लगेच धुतलं. तरी डाग राहिला.

२३ फेब्रुवारी
काचेवर पंजा काढून सराव. आज वेल अंगठ्याकडे वळली. मध्येच तुटली, पण वळली.

१ मार्च
उद्या लग्न. कागद काढून ठेवला होता. मुलगी म्हणाली, "एका हातावर आई, एका हातावर तुम्ही? भांडत बसाल. दोन्ही तुम्हीच काढा."

काढली. मनगटाशी रेघ जाड झाली. ती खूप वेळ बघत राहिली. "आईची नाहीये."

मी फडकं घेतलं. तिनं हात मागे घेतला. "पुसायची नाही."

४ मार्च
मुलगी परवा सासरी गेली. घरात कोणी नाही. दुकान उघडलं नाही.

डावा तळवा ओला केला. कागद दाबून धरला. निळी वेल उतरली — अंगठ्याकडे वळलेली. तिच्यावरून कोन फिरवला, सावकाश. कागद कोरा झाला.

वाळेपर्यंत एका हातानं चहा केला.