जनरेटरपाशी बाबा

रविवार, संध्याकाळ

आज सिरियलचं शूटिंग चक्क लक्ष्मीबाई नगरात, आमच्या क्वार्टरमागच्या पार्कात होतं. मी मात्र जनरेटरच्या गाडीबरोबर दोन गल्ल्या सोडून. त्याची घरघर साउंडवाल्यांना चालत नाही ना! म्हणून तर इतक्या वर्षांत धड एक सीन पाहिलेला नाही मी.

दुपारी बाबा डबा घेऊन आले. आईनेच पिटाळलं असणार. त्यांच्या लेखी ड्यूटी म्हणजे त्यांची मिनिस्ट्रीतली नोकरी. मी आपला ‘शूटिंगला जातो’. वाईट वाटायचं? वाटायचं, यार.

स्टुलावर बसले. तेवढ्यात इंजिनाची घरघर एकदम जड झाली. मी त्यांच्या कानाशी ओरडलो, “तिकडे मोठे लाइट लागले. आता शॉट!” बस, एवढंच.

समोरून शेजारचे वर्माजी काहीतरी बोलत आले, तर बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या घरघरीत आम्हाला एकमेकांचं ऐकू येईना, आणि हे लोकांना गप्प करतायत! इथे ढोल बडवला तरी पार्कात पोचणार नाही, हे सांगायला हवं होतं का? नाही सांगितलं. बरंच झालं.

बाबा वर्माजींशी काहीतरी कुजबुजले. वर्माजींनी कानामागे हात धरला, “क्या?” बाबा पुन्हा कुजबुजले. पुन्हा “क्या?” मग मात्र बाबा उठले आणि घरघरीच्या वरताण ओरडले, “धीरे बोलिए! बेटा ड्यूटी पर है!”